उमरीत कोणाचा?

मालदीवच्या बोटीवर मी दोन वर्षं हवेच्या टाक्या उचलल्या. नववीत शाळा सोडलेल्याला तेवढंही लई होतं. मग आमच्या मुख्य डायव्हर बाईंनी मला पाण्याखालचं काम शिकवलं, परीक्षा पास करून घेतली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पाहुण्यासोबत खाली जायच्या पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "एक तक्रार आली की तू परत टाक्यांवर."

आणि पाहुणा निघाला नांदेडचा. रिटायर प्राध्यापक. माझ्या तोंडून मराठी ऐकून गहिवरलेच.

"कुठला रे तू, बाळा?"

"उमरीचा, सर."

"अरे व्वा! उमरीत कोणाचा?"

"स्टेशनकडचा."

"ते हाव, पण आडनाव काय म्हणलास?"

मी काहीच म्हणलं नव्हतं. आमच्याकडं आडनाव कळलं की माणसाचा आजा गावाच्या कोणत्या टोकाला राहायचा, ते कळतं. मग लोक फार प्रेमानं बोलतात आणि आपली पाण्याची बाटली जरा सरकवून ठेवतात. मी त्यांचा पट्टा आवळत म्हणालो, "सर, पोट आत घ्या."

तेवढ्यात बाई सगळ्यांना सांगू लागल्या, की खालच्या खडकावर मांटा, म्हणजे पंखांसारखे पसरट मोठे मासे, अंग साफ करून घ्यायला येतात. बारके मासे त्यांच्या तोंडात शिरून घाण खातात. सरांनी लगेच मला मराठीत समजावलं, "बघ, निसर्गानंच कामं वाटून दिलीत. ज्याचं त्यानं गुमान करायचं."

"हाव, सर."

खाली गेलो. पहिला मांटा आला तो मोंढ्यातल्या धान्याच्या ढिगावर टाकायच्या ताडपत्रीएवढा, तोंड उघडं टाकून, थेट सरांच्या डोक्यावरून. सर आयुष्यभर तोंड बंद ठेवून ऐकत बसले नसावेत. ते ओरडले. ओरडले म्हणजे तोंडातली नळी सुटली. डोळे पांढरे करून त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या तोंडातलीच नळी ओढून आपल्या तोंडात घातली. चांगली जादाची पिवळी नळी माझ्या छातीवर लटकत होती. ती मी घेतली. मग उष्टी नळी चोखत सर माझ्या गळ्यात, तसेच आम्ही हळूहळू वर आलो.

आता तक्रार होणार, म्हणून मी आधीच एक टाकी उचलून बाजूला ठेवली. सरांनी चार चुळा भरल्या. खाऱ्या पाण्याच्या असतील, सगळेच भरतात. मग बाईंना म्हणाले, "उत्तम पोरगा! आमच्याच गावाकडचा." बाईंनी मान डोलावली. माझं काम पक्कं झालं. मी सरांच्या पायाच पडलो, खरंच.

त्यांनी पाठीवर हात ठेवला. "पण आडनाव राहिलंच की रे."

"सांगतो ना, सर," मी म्हणालो. "दुपारी परत पाण्याखाली गेल्यावर."