आठची पिशवी, टेपवर पाच

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. आठवलं की चीड येते, आणि बरीचशी स्वतःचीच. म्हणून लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं.

तेव्हा मी जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्यात तपासी अधिकारी होतो. एका गावचे सरपंच तक्रार घेऊन आले. धावडा गावाकडच्या एका बाईंच्या रोपवाटिकेतून त्यांनी कडुनिंबाची तीनशे रोपं मागवली होती.

"साहेब, रोपाला आठ बाय दहा इंचाची पिशवी ठरल्ती. ही पाचाची हाये. बिलकुल फसवणूक!"

मी एका रोपाच्या पिशवीला टेप लावला. रुंदी पाच इंच, उंची सात. पंचनामा केला, रोपं मुद्देमाल म्हणून आवारात ठेवली, भोवती दोरी बांधून सील लावलं.

बाईंना चौकशीला बोलावलं.

"आठचीच हाये, साहेब. भरल्यावर पाच होती."

"आठची पाच कशी होते?"

"भरली ना!"

"काय भरली?"

"माती! दुसरं काय भरतेत?"

असा तास गेला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. टेपवरच्या आकड्यापुढे बाईंचं बोलणं मला उडवाउडवीचं वाटलं, आणि मी तसंच नोंदवलं.

त्या रोज पाण्याचा कॅन घेऊन यायच्या. हवालदार दोरीपाशी अडवायचे. "मावशी, मुद्देमालाला हात लावता येत न्हाई."

"मंग तुमचा मुद्देमाल वाळून राह्यला की!"

चौथ्या दिवशी पानं गळू लागली. बाई थेट माझ्या टेबलाशी आल्या. "एक पिशवी रिकामी करू द्या. खोटी निघाले तर खुशाल गुन्हा लिवा. पण बाकीच्यायला पाणी घालू द्या."

पंच बोलावले, सील तोडलं. बाईंनी एक रोप मातीसकट बाहेर काढून टेबलावर ठेवलं, पिशवी झटकली आणि माझ्या कागदांवर सपाट पसरली. टेप लावला. आठ बाय दहा. माती भरली की पिशवी गोल होते आणि रुंदी आवळते, तळ पसरतो आणि उंची घटते. इतकंच होतं.

सरपंच तरी म्हणालेच, "मंग पाचाचीच म्हणायची ना!"

"दुकानात रिकामी मिळती, भाऊ. तिथं आठचीच मागावी लागती. समदे नर्सरीवाले तसंच म्हणतेत."

चार दिवस मी त्यांना 'पाच कशी' विचारत होतो. 'पिशवी मोजतात कशी' हे एकदाही विचारलं नाही. पुढच्या प्रत्येक पंचनाम्यात 'हे मोजतात कसं' हा प्रश्न मी आधी विचारला.

तक्रार मिटली. बाईंनी जगलेली रोपं टेम्पोत भरली. टेबलावरचं ते उघडं रोप मात्र तसंच ठेवलं. मी हाक मारली, तर वळून म्हणाल्या,

"ते तुमचं, साहेब. मुद्देमाल हाये. पाणी घाला."