पुरं झालेलं भांडण

पहिलं भांडण हॉस्टेलच्या जिन्यात सुरू झालं आणि तिसऱ्या पायरीवर बंद पडलं, कारण मला श्वासच मिळेना. "तुला मी किती वेळा..." एवढं म्हटलं आणि कठडा धरून नुसतीच तोंडाची उघडझाप करत उभी राहिले. नवरा दोन पायऱ्या वर. उलट उत्तर द्यायची त्याला कोण घाई! पण तोही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला. काउंटरवरच्या बाईंनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि धापेवर उतारा म्हणून कोकाच्या पानांचा चहा आणून पुढ्यात ठेवला.

ला पाझ हे बोलिव्हियातलं शहर इतक्या उंचावर आहे, की तिथे बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. पन्नाशीतली आमची जोडी पाठीवर सॅक टाकून तिथे कशाला कडमडली, ते आधी सांगते. मी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहते आणि नवरा राहतो अल्फारेटाला, अटलांटाच्या जवळ. मुलगा लहान असताना याची नोकरी तिकडे गेली. इथली शाळा चांगली, ती सोडायची नाही, म्हणून मी मुलाला घेऊन इथेच राहिले. एक वीकेंड तो यायचा, एक मी जायचे. आज ना उद्या तो परत येईल, आज ना उद्या मी जाईन, असं म्हणता म्हणता मुलगा कॉलेजला गेला.

म्हणजे आता कारणच उरलं नाही. त्यातच माझ्या कंपनीने मला अल्फारेटाच्या ऑफिसात जागा देऊ केली. सुट्टीवरून परतल्यावर सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं. मी नवऱ्याला विचारलं, "येऊ का?" तर हा गृहस्थ म्हणाला, "बघ, तुला जमेल तसं." आता काय म्हणावं! बायको घरदार विकून यायला निघालीय आणि हा हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं 'जमेल तसं' म्हणतोय. माझं डोकंच फिरलं. याला मी तिकडे हवीय की नकोय, एवढंच मला कळायला हवं होतं.

तोडगा मुलाने काढला. "यू गाइज नीड अ ट्रायल रन," तो फोनवर म्हणाला. "गो बॅकपॅकिंग. वन रूम, नो कार." त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून बाहेर येतं ते इंग्रजीच. त्याची जुनी सॅक मी घेतली. ती पाठीवर चढवली की नाकापेक्षा मोती जड. मागून बघणाऱ्याला नुसती सॅकच चालत चाललीय असं वाटत असणार.

खरं म्हणजे आम्हाला नीट भांडायला कधी वेळच मिळाला नव्हता. शनिवारी सुरुवात करावी, तर रविवारी फ्लाइट. "पोचलो की फोन करतो," म्हणून तो जायचा आणि फोनवर 'आज भाजी काय केलीस' इथून पुन्हा नवं पान सुरू. अर्ध्यात सोडलेल्या भांडणांचा ढीग साठला होता घरात. आणि मैत्रिणी म्हणायच्या, "तुमचं किती छान गं, कधी खटका नाही!" दुरून डोंगर साजरे, दुसरं काय?

ला पाझमध्ये मात्र शनिवारपर्यंत फ्लाइट नव्हती. शहर असं, की कुठेही जायचं तर एकतर चढ नाहीतर उतार. डोंगराच्या अंगावर विटांची बिनरंगाची घरं आणि त्यांच्या डोक्यावरून रोपवेचे डबे चाललेले. तिथल्या लोकांची ती सिटीबसच. घेरदार झगे आणि इवल्याशा गोल हॅट घातलेल्या म्हाताऱ्या पाठीवर हे एवढं बोचकं घेऊन चढावर आम्हाला मागे टाकून जायच्या. आम्ही दर दहा पावलांवर दुकानं बघायच्या निमित्ताने थांबायचो.

तशाच एका दुकानात लामाची, म्हणजे तिथल्या लोकरवाल्या, उंटासारख्या प्राण्याची वाळवलेली पिल्लं टांगलेली होती. मी दचकलेच. दुकानदारीणबाईंनी हातवारे करून सांगितलं, की नवं घर बांधताना हे पायाच्या खड्ड्यात पुरतात, म्हणजे घर सुखाचं होतं. मी जीव मुठीत धरून, पण हसत हसत नवऱ्याला विचारलं, "घ्यायचं का एक? अल्फारेटाला?"

त्याने पिल्लाकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "कस्टम्सवाले धरतील."

कर्म माझं! मी तशीच दुकानाबाहेर पडले. "मी काय विचारलं... आणि तू... काय सांगतोस!" तो मागून धापा टाकत, "अगं पण... ते खरंच... धरतात!" भर रस्त्यात आमची जुंपली. तेवढ्यात झेब्र्याचा पोशाख घातलेलं कुणीतरी नाचत आलं, आम्हा दोघांचे हात धरले आणि रस्ता ओलांडून दिला. तिथे ट्रॅफिक सांभाळायला असे झेब्रे असतात. पलीकडे पोचल्यावर वाकून नमस्कारही केला. समोर झेब्रा असताना किती वेळ रागावून राहणार? पण मी राहिले.

रोपवेच्या डब्यात आम्ही समोरासमोर बसलो. डब्यात दोघंच. "एकदाच सांग," मी म्हटलं. "मी यायला... हवीय का नकोय?"

त्याने खालच्या घरांकडे नजर वळवली. मग एकेक श्वास घेत बोलायला लागला. "तू यायचीस ना... त्या शुक्रवारी मी... लवकर घरी जाऊन आवरायचो. चादरी, टॉवेल, फ्रिज... सगळं. एरवी मी... सिंकपाशी उभं राहून... पातेल्यातच जेवतो. टीव्ही चालू ठेवून... सोफ्यावर झोपतो. बेडरूममध्ये... तू नसताना जातच नाही." त्याने दम घेतला. "दोन दिवस बरा वागतो गं मी. रोज... नाही जमणार. तू बघशील आणि... म्हणशील, कुठे येऊन पडले."

एरवी मी मध्येच तोडून टाकलं असतं. पण तोडायला दम कुठे होता? त्यामुळे वाक्य शेवटपर्यंत ऐकावं लागलं. त्याचं ते लखलखीत अपार्टमेंट बघून मी इतकी वर्षं समजत होते, की याचं माझ्यावाचून काहीएक अडत नाही. मला रडू आलं आणि रागही आला. आधी राग बाहेर पडला. "मूर्ख आहेस तू," मी म्हटलं. मग माझंही सांगून टाकलं, की मी पलंगावर तिरकी झोपते, त्याचं कपाट मी केव्हाच माझ्या साड्यांनी भरून टाकलंय आणि त्याचं घोरणं आता मला सहन होईल की नाही, देव जाणे. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. उतरायचं स्टेशन निघून गेलं. दुसऱ्या टोकाला जाऊन आम्ही परत आलो, तरी भांडतच होतो.

शनिवारी मायामीला उतरलो तेव्हा कुठे छाती भरून श्वास मिळाला. तिथून त्याचं विमान अटलांटाला, माझं न्यूअर्कला. तो मला माझ्या गेटपर्यंत सोडायला आला.

"सोमवारी मी हो सांगणार आहे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "सोमवारी? मग मला मधे एखादा वीकेंड दे हां. जरा आवरून..."

"एका पातेल्याला हात लावलास तर बघ!" माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या खुर्चीतले आजोबा दचकून जागे झाले. "काही आवरायचं नाही. मी पाहुणी येत नाहीये."