काळ्या मेंदीचा साखरपुडा

लेकीच्या साखरपुड्यात बाप तरुण दिसला पाहिजे, असा कुठेही नियम नाही. तो मीच केला. होणारे व्याही घोलवडचे, नर्सरीवाले. वयाने माझ्याहून मोठे, पण केस काळेभोर. मग मीही डहाणूच्या बाजारातून काळ्या मेंदीचं पाकीट आणलं. पाकिटावर पानं, फुलं आणि ठळक अक्षरांत ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’. एवढं वाचल्यावर मागचं बारीक अक्षर वाचायला मी काय वकील आहे?

दोन दिवसांत कपाळ, कान, मान लालबुंद. तलासरीच्या ऑफिसात मी पट्टीने मान खाजवत फाइली पुढे सरकवत होतो.

“उष्णता आहे,” बायकोने निदान केलं आणि कडुनिंबाचा पाला वाटून माझ्या तोंडाला फासला. ती शिक्षिका असल्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती. ती संध्याकाळ मी गॅलरीत हिरवागार बसून काढली. खाज तशीच राहिली, वर कातडी ताणली.

ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, “कडुनिंबाने काय होतंय? लसणाचा रस लावा. किडा मरतो.”

“कसला किडा?”

“ते महत्त्वाचं नाही.”

इतकं शास्त्रशुद्ध उत्तर मिळाल्यावर शंका कसली घ्यायची? लसणाने कानामागे फोड आले आणि माझ्या अंगाला फोडणीचा वास यायला लागला.

बातमी घोलवडला पोचली. व्याही स्वतः कोरफडीचा गड्डा घेऊन हजर. “आमच्या नर्सरीतली आहे साहेब. औषध नव्हे, अमृत!” त्यांनी पात चिरली आणि पिवळ्या चिकासकट माझ्या तोंडावर चोळली. झोंबत होतं, पण मुलीच्या सासऱ्याला ‘हात काढा’ कसं म्हणणार? “छान थंड वाटतंय,” मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना वाटलं, मी गहिवरलो.

सकाळी डोळे सुजून नुसत्या चिरा उरल्या, तेव्हा कुठे मला त्वचेचेही डॉक्टर असतात हे आठवलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पाकीट मागवलं. मागचं बारीक अक्षर त्यांनीच वाचलं. त्यात केस काळे करायचं रसायन होतं आणि मला त्याचीच अ‍ॅलर्जी होती.

“पण नंतरचं सगळं तर झाडपाल्याचं होतं!” बायको म्हणाली.

“बिब्बाही झाडाचाच असतो. लावता का तोंडाला?” बाई शांतपणे म्हणाल्या. “काही अर्कांत गुण असतो, नाही असं नाही. पण तो नीट काढून, पारखून मलमात घालतात. सोललेल्या कातडीवर चटणी वाटत नाहीत.” त्यांनी एक मलम आणि गोळ्या दिल्या आणि बाकी सगळं बंद करायला सांगितलं.

साखरपुड्यापर्यंत डोळे उघडले, पण चेहरा सोललेल्या रताळ्यासारखाच होता. आठवडाभर रडवेली झालेली लेक नटून बाहेर आली, आणि माझ्याकडे बघून इतकी हसली, की भटजी मंत्र म्हणायचे थांबले.

“बाबा, फोटोत माझ्या शेजारीच उभे राहा,” ती म्हणाली. “मी आपोआप सुंदर दिसेन.”

मी मुकाट्याने जाऊन उभा राहिलो. तेवढ्यापुरती खाजसुद्धा जाणवली नाही.