चंद्रामावशीला विचारल्याशिवाय

चंद्रामावशीला कुणाला काही सुनवायचं असलं, की ती आपल्या शेळीला बोलायची. "बस गं गुमान! सरपंच झालीस का?" असं ती ओरडली, की सरपंच काय ते समजायचे. सुप्याकडच्या आमच्या गावात मी तेव्हा बालवाडी चालवायचे. माझ्या खोलीपुढूनच ती शेळ्या डोंगरावर न्यायची. जमिनीचा तुकडा नव्हता, नवरा किसनभाऊ दम्यानं घरी बसलेला. घर चालायचं ते शेळ्यांवरच.

नव्वद सालानंतरचे ते कोरडे दिवस. गावात पाणलोटाची योजना आली. डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची, पाणी मुरवायचं. अट एकच: चराईबंदी, आणि तीही सगळ्या गावाच्या होकारानं. देवळापुढं सभा भरली. पद्धत अशी, की घरटी एक हात, आणि तो पुरुषाचा. बाया बालवाडीच्या ओट्यावर, माझ्याजवळ. योजनेच्या साहेबांनी हात वर करायला सांगितले आणि भराभर हात वर झाले. त्यात किसनभाऊंचाही! सगळ्यांबरोबर, हसत. बाई गं, चराईबंदीला!

मावशी ओट्यावरून उतरली. सभेत आजवर बाई गेली नव्हती. ही थेट नवऱ्यापाशी गेली आणि त्याचा हात धरून खाली आणला. या खेपेला मध्ये शेळी नव्हती.

"ह्यो हात माज्या शेळ्यांवर जगलाय. मला इचारल्याबिगर वर कसा ग्येला?"

"आवरा रे बाईला!" कुणीतरी ओरडलं. "हिच्या एकटीपायी गावाचं पाणी जाईल!"

"पानी मलाबी पायजे. हंडं काय तुमी वाहता व्हय? पर गवत वाढंस्तवर आमी शेळ्या कुठं न्यायच्या, त्ये सांगा. मग मीच हात वर करते, दोन्ही!"

साहेब घड्याळ बघायला लागले. मग ओट्यावरच्या बाया एकेक करून तिच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेले, सगळ्यांत शेवटी, खोटं कशाला सांगू. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की डोंगराची खालची बाजू मोकळी ठेवायची आणि वरचं गवत कापायला आधी बिनजमिनीच्या बायांनी जायचं. तेव्हा कुठं मावशीनं किसनभाऊंना कोपरानं ढोसलं. "आता करा वर."

तेव्हापासून प्रत्येक सभेत किसनभाऊ आधी मागं वळून बायांकडे बघायचे. मावशीनं मान हलवली, की हात वर. गाव हसायचं. तेही हसायचे.

पुढं तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. त्यानंतरच्या सभेत कसलासा ठराव आला. किसनभाऊ सवयीनं मागं वळले. बराच वेळ बघत राहिले. सगळ्यांचे हात वर होते; त्यांचा मांडीवरच राहिला.