घरात कुणालाच दमा नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — सभेत नाही, घरात तर नाहीच. दुसऱ्यांची लबाडी चव्हाट्यावर आणणारी पत्रकं मी लिहितो. ही एक गोष्ट मात्र लिहिता येईना.

गेवराईजवळ आमच्या गावाला लागून खडी क्रशर आहे. तो बंद करा म्हणून आम्ही लढतोय. पुतणीला, तनूला, दमा निघाला तेव्हा मला — कसं सांगू — मुद्दा मिळाला. पत्रकात ठोकून दिलं: 'या घरात आजवर कुणालाच दमा नव्हता!'

मला होता. लहानपणी मामाकडे राहून औषधं घेतली. पुढं सोयरिकीत अडचण नको म्हणून आईनं तो विषयच गाडला. वर्गात एका जागी बसणं, लक्ष देणं — तेही मला कधी जमलं नाही. तनूचंही तेच.

बीडच्या डॉक्टरांनी वहिनीला समजावलं — धुळीनं दमा बळावतो, खरंय. पण दमा आणि ही चंचलता काही घरांत सोबत दिसते. थोडं रक्तातून येत असावं, पक्कं अजून सांगता येत नाही. "घरात आणखी कुणाला?"

आई खाली बघत बसली. मी म्हणालो, "नाही."

क्रशरची धूळ खोटी होती का? नव्हती. मग खरं बोलल्यानं लढ्याचं काय बिघडणार होतं? काहीच नाही. पण पत्रकं वाटून झाली होती.

तेव्हापासून तनूची प्रत्येक धाप वहिनीच्या माहेराच्या माथी. आई — सगळं ठाऊक असलेली आई — म्हणायची, "आमच्यात न्हाई बाई आसलं कुणाला." मी शेजारी बसून जेवत असायचो.

आणि वहिनीला ते पटलं! मेलेल्या आज्याचा खोकला आठवून तिनं त्याला दमा ठरवलं.

गेल्या महिन्यात दिंद्रुडला, तिच्या माहेरी, धाकट्या बहिणीच्या लग्नाची बैठक होती. आष्टीचे पाहुणे. सगळं जमलेलं. वहिनी मधेच म्हणाली, "फसवायचं न्हाई कुणाला. आमच्या रक्तात दमा हाय. माझ्या लेकीला माझ्याकडूनच आलाय."

पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. तिचा भाऊ ओरडला, "तुला कुणी इचारलं होतं का, अक्का? कशापायी बोललीस?" बहीण आत निघून गेली.

मी तिथंच होतो, मुलीकडचा माणूस म्हणून. पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायलाही मीच गेलो. त्यांच्यातले एक म्हातारे म्हणाले, "बरं झालं बाईनं सांगितलं. लोकं लई लपिवत्यात बघा."

मी म्हणालो, "हो. लपवतात."