खाच नसलेलं यंत्र

चि. कॅसेटवाल्यास,

आशीर्वाद द्यायची सोय तू ठेवली नाहीस, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. खालच्या मजल्यावरची नर्स काल वर आली होती. तिला ते हातात धरून खेळायचं नवं यंत्र घ्यायचंय. त्यात कॅसेट बसत नाही, खाचच नाही मुळी, सगळे खेळ इंटरनेटवरून डाउनलोड करून घ्यायचे. म्हणाली, “ताई, तुमच्या भावाचं दुकान होतं ना गेमचं, मग तुम्हालाच विचारते. घेण्यासारखं आहे का?”

मी तिला चहा दिला आणि विषय बदलला. आयुष्यभर कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळली, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता कुणाला परत पाठवलं नाही. हिला पाठवलं. ते मला काही बरं वाटलं नाही, म्हणून आता सगळं लिहून काढते. तुला माहीत असलेलंही लिहिणार, कारण वाचणार ती आहे. तू नुसतं ऐकून घे. जिवंत असताना तेवढंही केलं नाहीस.

तर तुझं दुकान. चपलेच्या दुकानाच्या आणि चावीवाल्याच्या मधली ती फट; दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवरून बोलायचं. काचेच्या काउंटरखाली कॅसेट उभ्या रचलेल्या, प्रत्येकीला प्लास्टिकची डबी. सगळीकडे स्पिरिटचा वास. तू कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून कॅसेटचे दात पुसत बसलेला, आणि डोक्यावर तुझ्याच अक्षरात पाटी: ‘फुंकर मारू नये’. लोक मारायचेच. मग तू ओरडायचास, “थुंकी आहे ती, थुंकी! गंज चढतो! घरी टीव्हीवर फुंकर मारता का?”

तुझे नियम दोनच. कॅसेट विकायची असो की भाड्यानं द्यायची, तिच्यात आधीच्या माणसाचा खेळ जिथवर आलाय तो पुसायचा नाही. “कुणीतरी घाम गाळून तिथवर गेलाय,” म्हणायचास. कॅसेटमधली बारीक बॅटरी संपत आली की खेळ उडतो, म्हणून ती तू वेळेवर बदलायचास, आणि त्याचे पैसे मागायला विसरायचास. यंत्राचा नियम मात्र उलटा. जुनं यंत्र कुणाला द्यायचं तर त्यावरून आधीच्या मालकाचं नाव, फोटो, खाणाखुणा सगळं काढून टाकायचं. “नव्या माणसानं उघडलं की त्याला ते आपलं वाटलं पाहिजे. दुसऱ्याचं उष्टं वाटता कामा नये.” खेळ कॅसेटमध्ये राहतो, यंत्र नुसतं भांडं. इतकं सोपं होतं तुझं शास्त्र, आणि तुझी सगळी अब्रू त्यावर उभी होती.

तुझी लेक भिंगरी त्याच दुकानात वाढली. आई लवकर गेली, मग शाळा सुटली की पोर दुकानात. स्टुलावर बसून परत आलेल्या कॅसेट तपासायची. पाय जमिनीला पोचत नव्हते तेव्हापासून. गिऱ्हाइकांना दटावायची, “काका, ही तुम्ही पाण्यात पाडलीत. खोटं बोलू नका.” तुमचा दोघांचा एक खेळ होता. म्हातारा नावाडी आणि एक मुलगी नदीच्या उगमाकडे निघालेत. एकानं नाव वल्हवायची, दुसऱ्यानं कंदील धरायचा, दोघं नीट जुळले तरच नाव पुढे सरकते. कंदील कायम तिच्याकडे. शेवटच्या बांधापर्यंत आला होतात तुम्ही. तो काही तुम्हाला फुटेना. “उद्या,” म्हणायचास तू. तुझा तो आवडता शब्द.

मग भिंगरी मोठी झाली आणि तिला शिकायला बाहेर जायचं होतं. तेव्हा तुझ्या गाळ्याला बरा भाव येत होता. ती समोर बसून म्हणाली, “बाबा, विकून टाका. तुम्हाला नोकरी मिळेल कुठेही. दुरुस्तीत तुमचा हात धरणारं कोण आहे?” आणि तू म्हणालास, “दुकान विकलं तर मी कोण?” मी तिथेच होते. “बाप,” म्हणाली ती. “आणखी कोण?” तू कापसाची काडी उचललीस आणि कॅसेट पुसायला लागलास. ती कर्ज काढून गेली.

त्यानंतर ही बिनखाचेची यंत्रं आली. तुझं नेहमीचं गिऱ्हाईक असलेला टॅक्सीवाला तुझ्याकडे सल्ल्याला आला तो दिवस मला आठवतो, कारण मी पायरीवर उभी होते आणि आत शिरायला जागा नव्हती.

“घेऊ का हो?” त्यानं विचारलं. “स्वस्त पडतंय. खेळही सेलमध्ये निम्म्यानं मिळतात.”

“घे की. खेळ विकत घेशील ना?”

“मग!”

“खेळून झाला की मला विकून दाखव.”

“तो... तसा विकता नाही येत.”

“मेव्हण्याला दे खेळायला.”

“मेव्हण्याला कशाला देऊ? त्यानं माझा पंप अजून परत नाही केला.”

“बरं, नको देऊ. पण देताच येणार नाही, हे लक्षात आलं का? उद्या कंपनीनं दुकान गुंडाळलं, किंवा तुझं खातं अडकलं, तर? तू विकत काय घेतलंस? आत बसायची परवानगी घेतलीस. हाकलेपर्यंत बसायचं.”

टॅक्सीवाल्यानं मान खाजवली. “तुमचं बरोबर आहे मालक. पण माझ्या कॅसेट सीटखाली घरंगळतात. एक तर ब्रेकखाली गेली होती. दोन भाड्यांच्या मधे खेळायचं, खिशात टाकायचं, संपलं. मला काय ती नातवंडांना ठेवायचीय?”

“जा, घे जा,” म्हणालास तू. “आणि ब्रेक तपासून घे.”

तो हसला. मग त्यानं ते घेतलं आणि पुन्हा दुकानाकडे फिरकला नाही. राग कसला, त्याला यायचं कारणच उरलं नाही. एकेक करून सगळ्यांचं तसंच झालं. भांडून गेलं असतं कुणी तर निदान भांडण तरी उरलं असतं.

शेवटच्या वाईट वर्षात तू जुन्या कॅसेट जमवणाऱ्यांना विकायला लागलास. जी दुर्मीळ तिला मागणी. नावाड्याची कॅसेट दुर्मीळ होती. ती तू विकलीस. आणि नियमाप्रमाणे आतला खेळ पुसला नाहीस. म्हणजे कुठल्या तरी परक्या घरात, कपाटात, भिंगरीचं नाव शेवटच्या बांधापाशी कंदील धरून उभं आहे. हे तू तिला फोनवर सांगितलंस, वर असंही सांगितलंस की पुसला नाही हं! जसं काही तिनं शाबासकी द्यावी. तिचं उत्तरही तूच मला सांगितलंस. “माझ्यासाठी दुकान नाही विकलंत. दुकानासाठी मला विकलंत.” पुढच्याच उन्हाळ्यात गाळा मातीमोल भावानं गेला. दुकानाचा फोनही कापला गेला. पाटी तेवढी तू घरी आणलीस आणि मोरीच्या दारावर लावलीस.

मला तुझी कीव आली नाही. तेव्हाही नाही. मला वाटलं, आता तरी हा गाडीत बसेल, तिच्या दारात जाऊन उभा राहील, चार शब्द बोलेल. गाडी करून देते म्हणाले. पण नाही. तुला शब्द नको होते, तुला वस्तू हवी होती.

आणि वस्तू सापडली. तो नावाड्याचा खेळ कंपनीनं नव्यानं काढला, पण फक्त डाउनलोडवर. खाच नसलेल्या यंत्रासाठी. ज्या यंत्राच्या नावानं तू सगळ्या गल्लीला शहाणपण शिकवलंस, ते तू घेऊन आलास. मी म्हटलं, “हे काय रे? परवानगी घेतलीस वाटतं बसायची?” तू म्हणालास, “ताई, चेष्टा नको.” तोंड असं केलं होतंस की मी खरंच गप्प बसले, आणि मी सहसा बसत नाही.

खातं उघडताना फोन नंबर मागितला, तर तू दुकानाचा घातलास. बंद पडलेला नंबर! वर्षानुवर्षं प्रत्येक पावतीवर, प्रत्येक कागदावर तोच लिहिलेला, हात आपोआप तिकडे गेला. यंत्रानं तेव्हा काही विचारलं नाही, घेतला तो निमूट.

मग तू तो सगळा हिवाळा खिडकीशी बसून खेळलास. एकट्यानं. डाव्या अंगठ्यानं नाव, उजव्यानं कंदील. खेळ दोघांचा, त्यामुळे नाव सारखी खडकावर जायची आणि तू स्वतःलाच म्हणायचास, “अगं, वर धर, वर!” खेळातल्या मुलीचं नाव तू ‘भिंगरी’ ठेवलं होतंस. शेवटच्या बांधापाशी पोचलास आणि थांबलास. “पुढचं तिनं करायचं,” म्हणालास. मला तेव्हा तुझ्याबद्दल प्रथमच काही बरं वाटलं, ते खोटं कशाला लिहू.

तिच्या वाढदिवसाला यंत्र पाठवायचं ठरलं. आणि पाठवण्याआधी तू काय केलंस? जे प्रत्येक यंत्राचं केलंस तेच. स्पिरिटनं पुसलंस, काच चकचकीत केलीस, आणि त्याच्यावरून स्वतःचं नाव काढलंस. नव्या माणसाला उष्टं वाटू नये म्हणून. यंत्रानं विचारलं असणार, सगळं पुसू का? तू म्हणालास, पूस. खेळ कॅसेटमध्ये असतो, यंत्र नुसतं भांडं. तुझं शास्त्र. फक्त या भांड्याला कॅसेट नव्हती.

भिंगरीचा फोन मला आला. तुला नाही. “आत्या, बाबांनी यंत्र पाठवलंय. उघडलं तर म्हणतं, भाषा निवडा. आत काहीच नाही गं. खेळ मीच विकत घ्यायचा आहे का?”

मी तिला सगळं सांगितलं. हिवाळा, खिडकी, बांध, तिचं नाव. मी मध्यस्थी करताना काही राखून ठेवत नाही.

ती म्हणाली, “असेलही, आत्या. तू सांगतेस म्हणजे असेल. पण माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. नेहमीसारखं.”

कंपनीला फोन मी लावला. पलीकडची मुलगी फार गोड होती, तिचा गळा दाबावासा वाटत होता. म्हणाली, खेळ पुसला गेलेला नाही, तुमच्या खात्यात सुरक्षित आहे, खातं उघडलं की शेवटच्या जागेपासून मिळेल.

“मग उघडा की बाई.”

“तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय, मॅडम.”

“तो नंबर बंद आहे.”

“मग नंबर बदलायची विनंती करा, मॅडम.”

“तीच करतेय!”

“ती त्या नंबरवरूनच करावी लागते, मॅडम.”

तू शेजारी बसून माझ्याकडे असा बघत होतास, जसा काही मीच तो नंबर बंद केला.

एकच वाट उरली होती. फोनच्या ऑफिसात जाऊन जुना नंबर परत मागायचा. अजून दुसऱ्या कुणाला दिला नसेल तर मिळतो, पण मालकानं ओळखपत्र घेऊन स्वतः यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. तू म्हणालास, “ताई, तू चल बरोबर. मला खिडकीपाशी बोलता येत नाही. तू बोल, मी सही करतो.” मंगळवार ठरला.

मंगळवारी मी चपला घालून बसले. तुझा निरोप आला, अंगात कणकण आहे. पुढच्या मंगळवारी प्लंबर येणार होता. त्याच्या पुढच्या वेळी तुला ओळखपत्र सापडेना. ते मीच तुझ्या उशीखालून काढून दाखवलं. तेव्हा मला कळलं, आणि मी तुझ्या तोंडावर बोलले: “तू घाबरलायस. नंबर कुणाला तरी देऊन टाकला असेल, याची तुला भीती वाटते. विचारलं नाही तोवर तो तुझाच आहे.”

“उद्या जाऊ,” म्हणालास तू.

“ऑफिसला उद्या सुट्टी आहे.”

“मग मंगळवारी. नक्की.”

सोमवारी दुपारी तू जेवून आडवा झालास तो उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. तुला झाला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

भिंगरी आली, आवराआवर केली. मोरीच्या दारावरची पाटी तिनं काढली, वाचली, आणि पुन्हा होती तिथे लावली. रडली नाही. जाताना पिशवीतून यंत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

“आत्या, तूच ठेव. विकायला गेले होते, तर दुकानदार म्हणतो, आधी आतलं सगळं पुसून आणा. मी म्हटलं, अहो, आत काही नाहीच.”

ते आता माझ्या टेबलावर आहे. चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नकोस. चालू केलं की भाषा निवडा म्हणतं.

तर नर्सबाई, हे असं आहे. टॅक्सीवाल्यासारखं खेळून खिशात टाकायचं असेल तर खुशाल घे, चांगलं यंत्र आहे, स्क्रीन माझ्या डोळ्यांनाही दिसते. कुणासाठी काही राखून ठेवायचं असेल तर घेऊ नकोस. आणि घेतलंसच तर चालू नंबर घाल.

आणि कॅसेटवाल्या, फोनच्या ऑफिसात मी नंतर गेले नाही. जाऊन काय सांगू? सही करायला मालक लागतो. तुझं ओळखपत्र माझ्या पर्समध्ये आहे, मंगळवारी हाताशी असावं म्हणून मीच ठेवून घेतलं होतं.