नाशकाहून आणलेल्या पटाश्या आणि भाईजानची तिवई

आमचे हे ड्रॉइंग मास्तर. पेन्शनीत निघाले आणि घरात बसून माझ्या फोडणीत चुका काढू लागले. तेवढ्यात जवळची एक शाळा मोडीत निघाली आणि तिथला पायानं चालवायचा लेथ ह्यांनी बैलगाडीत घालून थेट आमच्या पडवीत आणला. "आता लाकूड कातणार," म्हणाले. "पहिला तुझा कुंकवाचा करंडा."

मी करंड्याकडे काय बघते! मी बघत होते ह्यांच्या डोळ्याकडे. डावा डोळा लहानपणी देवीत गेला. उरला एक. त्या एकाच्या जिवावर वाचन, चित्रं, चालणं-फिरणं सगळं. आणि आता हे गरगर फिरणाऱ्या लाकडासमोर तोंड घेऊन उभे राहणार! मी सांगून टाकलं, "हत्यारं आणायला नाशकाला मी बरोबर येणार. डोळ्यापुढं धरायला काहीतरी भक्कम मिळाल्याशिवाय एक पटाशी घरात येणार नाही." हे पुटपुटले, पण तिकिटं दोन काढली.

संगमनेरहून सकाळची मोटर धरावी, दुपारची धरू नये. दुपारी धूळ इतकी की नाकातोंडात रस्ताच जातो. पौषाची थंडी होती. आमच्या पुढच्या बाकावर एक शेतकरी बसला होता आणि त्याच्या शेजारी लाल फडक्यात बांधलेलं गाडगं. सिन्नरला गर्दी चढली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, ते बोचकं टपावर टाका."

"बोचकं नाय, माझा भाऊ हाय," तो माणूस शांतपणे म्हणाला. "रामकुंडावर चाललोय घिऊन. त्याचं बी तिकीट काढलंय."

कंडक्टरनं खरंच दोन तिकिटं बघितली आणि पुढं गेला. उभी माणसं नाशिक येईपर्यंत उभीच राहिली. एका वळणावर गाडगं कलंडलं, तर त्यानं "सांभाळ रे" म्हणून त्याला सावरलं. सिन्नरला घेतलेली गरम भजी तशीच मांडीवर गार झाली.

उतरण्यासाठी पंचवटीतली धर्मशाळा बरी. खोली स्वच्छ असते, फक्त अंथरूण आपलं न्यावं. टांगेवाला बाहेरगावचं माणूस दिसलं की दुप्पट मागतो, तेव्हा आधी ठरवून घ्यावं. आम्ही तडक जुन्या नाशकात गेलो. तिथं एक नावाजलेले कातारी होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. दाढी पांढरी, आवाज फौजदाराचा, आणि स्वतःच्या कामाची तारीफ करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

दुकान लांबट आणि काळोखं. आत एक गडी मोठं चाक फिरवत होता, पट्ट्यावर लाकूड फिरत होतं, आणि उस्ताद अंग एका बाजूला काढून पाळण्याचा खूर कातत होते. लाकडाच्या बरोब्बर समोर एक तिवई रिकामी होती. माझे पाय दुखत होते. बसले.

चाक थांबलं. गड्यानं चक्क कानाला हात लावला.

"उठा, बाई! पहिले उठा!" उस्ताद ओरडले. "ती भाईजानची जागा हाय."

मी ताडकन उठले. त्यांचे थोरले भाऊ गप्पा मारायला त्याच तिवईवर बसत. एकदा सागाचा ठोकळा फिरता फिरता सुटला आणि त्यांच्या तोंडावर बसला. तिथंच गेले. "तेव्हापासून ती तिवई तिथंच हाय," उस्ताद म्हणाले. "काम सुरू करायच्या आधी पहिला चहा त्यांना. मग आम्ही."

खरंच तिवईखाली एक कप होता, वरून बशी झाकलेली. हे मिशीत हसले. मला हसू आलं नाही. त्या दुकानात कुठं ऊन नव्हतं, भिंती बर्फासारख्या गार, आणि मी बसले होते ती तिवई मात्र ऊबदार होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

हत्यारांचं मात्र उस्तादांनी मनापासून सांगितलं. नवशिक्यानं पेटीभर हत्यारं घ्यायचीच नाहीत. एक गोल पटाशी, पन्हाळीसारखी, खडबडीत लाकूड गोल करायला. एक तिरक्या तोंडाची, गुळगुळीत करायला. एक अरुंद, खाचा पाडायला आणि शेवटी कातलेला माल ठोकळ्यापासून तोडायला. "बस, तीन. मूठ लांब घ्या, मास्तर, आखूड मूठ हातातून उडते." पोलाद वाजवून बघायचं, लाकूड ठोकून बघायचं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, ते लेथवर चढवायचंच नाही. सुरू करण्याआधी एक फेरा हातानं फिरवायचा. धोतराचा सोगा आणि उपरणं दूर.

"आणि डोळ्यांसाठी काय?" मी विचारलं.

"अहो बाई, आमच्या बापजाद्यांनी काय लावलं? आमचे भाईजान हायेत ना समोर बसलेले!"

निघताना माझं लक्ष त्या कपाकडे गेलं. बशी बाजूला होती आणि कप रिकामा. "मांजर प्यायली असेल," हे म्हणाले. असेल बाई. मला मांजर दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाशिक रोडवरून देवळाली कॅम्प. लष्करातून बाद झालेला माल तिथल्या बाजारात मिळतो: बूट, कंदील, पाण्याच्या बाटल्या. एका बोहऱ्याच्या दुकानात ह्यांनी मोटर हाकायचा चष्मा उचलला. "हा बघ, झकास!"

"काच फुटली तर जाणार कुठं?" मी म्हटलं. "डोळ्यातच ना?"

बोहरी हसला आणि खिळ्यावरचा एक मुखवटा काढून दिला. पोलादी तारांची दाट जाळी, कडेला चामड्याची गादी. गोरे सोल्जर संगिनीचा सराव करताना घालत. आतलं चामडं घामानं काळं पडलेलं. मी म्हटलं, "घाला बघू." ह्यांनी घातला आणि माझ्याकडे वळले.

देवाशपथ सांगते, जाळीमागं दोन डोळे होते. दोन्ही हलत होते, दोन्ही माझ्याकडे बघत होते. "काढा!" मी किंचाळलेच. काढला तर आपले हेच, डावी खोबण तशीच मिटलेली. बोहऱ्यानं विचारलं, "नको का बाई?" मी म्हटलं, "बांधून द्या." भीती मला वाटायची ती वाटू दे, ठोकळा त्यातून आत येणार नव्हता.

घरी आल्यावर काय झालं असेल? ह्यांनी मुखवटा घालायलाच नकार दिला! उकडतं, कोंडतं, एका डोळ्याला जाळीतून नीट दिसत नाही. आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी मी घरातली तिवई आणली, लाकडाच्या बरोब्बर समोर ठेवली आणि तिच्यावर उशा रचून मुखवटा बसवला. "तुम्ही नाही घालत ना? मग हे बसतील. आणि ही तिवई हलवली तर जेवायला वाढणार नाही."

चिडून का होईना, हे बाजूला सरकून उभे राहू लागले. दुसरी जागाच उरली नव्हती. मी रोज कामाआधी एक कप चहा तिवईखाली ठेवी. हे म्हणत, "वेडी झालीस." मी म्हणे, "झाले."

करंड्याचं लाकूड ह्यांनी ठोकून बघितलं नव्हतं. घाई! मी ओट्याशी कणीक मळत होते. पडवीत फटकन आवाज झाला आणि लेथ थांबला. पिठाच्या हातांनी धावले, तर हे भिंतीला टेकून उभे, पांढरेफटक, पण धड. ठोकळा दुभंगून सुटला होता आणि सरळ मुखवट्यावर जाऊन बसला होता. जाळी आत दबली होती, उजव्या डोळ्यावर. ह्यांच्या त्याच डोळ्यावर.

आम्ही दोघं खाली बसून राहिलो. मी ह्यांचा चेहरा चाचपून बघत होते आणि रडत होते. ह्यांनी जाळी हातानं हळूहळू बाहेर काढली, मुखवटा फडक्यानं पुसला, आणि म्हणाले, "आजपासून घालतो."

करंडा झाला. थोडा वाकडा आहे, पण रोज वापरते. हे मुखवटा घालून कातायला उभे राहिले की मी पडवीत फारशी जात नाही. जाळीमागं कधी एक डोळा दिसतो, कधी दोन. तिवई मात्र समोर तशीच आहे, आता नुसती रिकामी. परवा पाहुण्यांच्या गडबडीत मी एकच कप घेऊन गेले आणि ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो घेतला नाही.

"अगं, मला काय देतेस," हे जाळीआडून म्हणाले. "आधी तिकडे ठेव."